गिरकीभोवतीचा पट्टा: फोटोशॉपमध्ये वर्तुळाकार पिक्सेल स्ट्रेच

छायाचित्रातील एकाच पिक्सेलच्या रुंदीची उभी रेघ घ्यायची, ती आडवी ताणून तिचा लांब रंगीत पट्टा करायचा आणि तो पट्टा माणसाभोवती गोल वळवायचा, या कृतीला वर्तुळाकार पिक्सेल स्ट्रेच म्हणतात. नर्तक, खेळाडू, हवेत उडी घेतलेली मुले अशा गतिमान विषयांवर हा परिणाम फार खुलून दिसतो. त्यासाठी फोटोशॉपमधील मोजकीच साधने लागतात आणि मुख्य फिल्टर तर एका क्लिकचा आहे. असे असूनही पुष्कळदा पट्टा मूळ चित्राशी काहीही संबंध नसलेल्या कड्यासारखा दिसतो. रेघ कोठून घेतली, ती फाइलमध्ये किती उंचीवर ठेवली आणि वर्तुळाचे केंद्र कोठे आणले, या तीन गोष्टींवर सगळे यश अवलंबून असते, आणि या तिन्हींचा विचार फिल्टरचे काम कसे चालते हे समजून घेऊनच करता येतो.

येथे उदाहरण म्हणून लावणीच्या गिरकीचे एक उभे छायाचित्र घेऊ. त्याचा आकार ४००० × ५००० पिक्सेल आहे असे धरू. नर्तकीने हिरवी नऊवारी नेसली आहे, लुगड्याला लाल काठ आणि जरीची किनार आहे, आणि गिरकीच्या वेगामुळे सुटलेला पदर कमरेच्या उंचीवर चित्राच्या उजव्या बाजूला जवळजवळ आडवा उडाला आहे. पार्श्वभूमी गडद आणि साधी आहे. असे चित्र या कामासाठी फार सोयीचे असते, कारण नऊवारीच्या काठापदरात रंगांचे स्पष्ट थर असतात. एकरंगी कपड्यातून घेतलेला पट्टा सपाट आणि निर्जीव दिसतो, तर काठ, जर, बुट्टी आणि चुण्यांच्या सावल्या यांतून गेलेली रेघ ताणली की दहापंधरा वेगवेगळ्या छटांच्या रेषा शेजारीशेजारी उमटतात.

पट्ट्याची दिशा काय असावी, याचे उत्तर शर्यतीच्या फोटो-फिनिश कॅमेऱ्यात सापडते. तो कॅमेरा अंतिम रेषेवरची केवळ एक अरुंद उभी पट्टी सेकंदाला हजारो वेळा टिपतो आणि त्या पट्ट्या शेजारीशेजारी मांडून चित्र तयार करतो. त्या चित्रातील आडवे अंतर हे जागेचे नसून काळाचे असते, म्हणूनच रेषेवर क्षणभर टेकलेला पाय तेथे लांबलचक ओढल्यासारखा दिसतो. पिक्सेल स्ट्रेचमध्येही पाहणाऱ्याचा डोळा ताणलेल्या रंगाचा अर्थ ‘येथून काहीतरी वेगाने गेले’ असाच लावतो. त्यामुळे पट्टा हालचालीच्या दिशेनेच निघाला पाहिजे. गिरकी घेणाऱ्या नर्तकीच्या डोक्यातून किंवा पायाच्या अंगठ्यातून निघणारा पट्टा कितीही रंगीत असला तरी तो पटत नाही, आणि पदराच्या ओघातूनच पुढे निघालेला पट्टा पाहताक्षणी पटतो.

नर्तकी वेगळी काढणे

प्रथम मूळ लेयरची (लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पानांसारखा चित्राचा स्तर) प्रत करून घ्यावी आणि मूळ लेयरला अखेरपर्यंत हात लावू नये. प्रतीवर ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ ही आज्ञा दिली की नर्तकीभोवतीची निवड बहुतांशी आपोआप होते, मात्र उडालेल्या पदराची कड, गजरा आणि मोकळे केस येथे ती चुकण्याची शक्यता असते. ‘सिलेक्ट अँड मास्क’मध्ये जाऊन केसांच्या कडेवर ‘रिफाइन एज’ ब्रश फिरवावा आणि पदराच्या कडेची निवड हाताने नीट करावी. शेवटी निवड लेयर मास्कच्या, म्हणजे काळ्या जागी लेयर झाकणाऱ्या आणि पांढऱ्या जागी दाखवणाऱ्या पडद्याच्या, रूपात घ्यावी, म्हणजे पुढे कोठेही दुरुस्ती करता येते.

पदराच्या वरच्या आणि खालच्या कडेला पार्श्वभूमीचा एखाददुसरा पिक्सेल जरी राहिला तरी ताणल्यानंतर त्याची काळपट रेषा संपूर्ण वर्तुळाला वेढा घालते. मूळ चित्रात जे नजरेला दिसतही नव्हते ते हजारो पिक्सेल लांबीचे होऊन समोर येते. म्हणून रेघ घेण्यासाठी या लेयरची आणखी एक प्रत करून तिच्यावर ‘अप्लाय लेयर मास्क’ करावे, लेयरच्या छोट्या चित्रावर कंट्रोल दाबून क्लिक करून निवड घ्यावी, ‘सिलेक्ट’ मेनूतील ‘मॉडिफाय’मधून ‘काँट्रॅक्ट’ने ती दोन पिक्सेलनी आत घ्यावी, निवड उलटी करावी आणि बाहेरचा भाग पुसून टाकावा. या प्रतीला ‘रेघेसाठी’ असे नाव द्यावे. अंतिम चित्रात ती दिसणार नाही, त्यामुळे तिची कड थोडी कापली गेली तरी बिघडत नाही.

कमी प्रकाशात, जास्त आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ठेवून काढलेल्या रंगमंचावरील चित्रांत पिक्सेलचा दाणा खूप असतो. एका रेघेतील प्रत्येक दाणा ताणून एक खरखरीत रेषा होते आणि पट्टा केसाळ दिसू लागतो. ‘रेघेसाठी’ या प्रतीवर शून्य अंशाच्या कोनात, दहा पिक्सेल अंतराचा ‘मोशन ब्लर’ लावल्यास प्रत्येक ओळीत शेजारच्या पिक्सेलची सरासरी येते. त्यामुळे दाणा कमी होतो, आणि ब्लर केवळ आडवा असल्याने काठ, जर आणि मूळ रंग यांच्या सीमा मात्र ठळक राहतात. ही एक पायरी अनेक जण गाळतात, पण अंतिम चित्राच्या दर्जात तिचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

रेघेची निवड

मार्की साधनांच्या गटात अगदी शेवटी ‘सिंगल कॉलम मार्की टूल’ असते. ते घेऊन चित्रावर क्लिक केले की कॅनव्हासच्या वरपासून खालपर्यंत एकाच पिक्सेलच्या रुंदीची निवड होते. क्लिक करण्याआधी चित्र दोनशे टक्क्यांपर्यंत मोठे करून पदराचे नीट निरीक्षण करावे. आपल्या उदाहरणात पदराची उभी छेदरेषा पाहिली तर सर्वांत वर जरीची बारीक किनार, तिच्याखाली बोटभर लाल काठ, मग हिरव्या रंगात दोनतीन चुण्या, आणि खाली पुन्हा लाल व सोनेरी थर असे दिसते. प्रत्येक चुणीला उजेडाची एक बाजू आणि सावलीची एक बाजू असते. रेघ चुण्यांच्या मधून गेली तर या उजेडसावल्या पट्ट्यात उतरतात आणि पट्ट्याला कापडाचा पोत येतो. रेघ बुट्टीच्या मधोमध घेतली तर जरीचा एक रुंद सोनेरी थर मिळतो, आणि बुट्टीला केवळ स्पर्श करून गेली तर त्याच जागी बारीक सोनेरी तार उमटते. दोन्ही सुंदर दिसतात, पण एका पट्ट्यात सोने फार झाले की काठाचा उठाव जातो, असा माझा अनुभव आहे.

पदर अंगापासून जेथे सुटतो त्याच्या जरा पुढे, कापड पूर्ण रुंद झाल्यावर, रेघ घेणे चांगले. तेथे पदराची उंची ५०० पिक्सेल आहे आणि तिचा मध्य चित्राच्या वरच्या कडेपासून २९०० पिक्सेलवर आहे असे समजू. रेघ त्याच उभ्या ओळीतील हाताला किंवा पायाला छेदत असेल, तर ‘रेक्टँग्युलर मार्की टूल’मध्ये ‘फिक्स्ड साइज’ निवडून एक पिक्सेल रुंद आणि पदरापुरत्याच उंचीची निवड घ्यावी. निवडलेली रेघ कंट्रोल आणि सी दाबून कॉपी करावी. मॅक वापरणाऱ्यांनी कंट्रोलऐवजी कमांड ही कळ धरावी.

पदर आडवा नसून तिरका असेल तर उभी रेघ त्याला तिरकस छेदते आणि पुढे पट्टा पदराशी जुळत नाही. अशा वेळी ‘रेघेसाठी’ ही प्रत तेवढ्याच अंशांतून फिरवून पदर आडवा करून घ्यावा आणि मग रेघ घ्यावी.

फिल्टर काय करतो

रेघ ताणण्यापूर्वी ‘पोलर कोऑर्डिनेट्स’ या फिल्टरचे गणित समजून घ्यावे, कारण पुढची सगळी मापे त्यावरच ठरतात. आयताकृती चित्रात बिंदूची जागा आडव्या आणि उभ्या अंतराने सांगितली जाते, तर ध्रुवीय पद्धतीत ती कोन आणि केंद्रापासूनचे अंतर यांनी सांगितली जाते. ‘रेक्टँग्युलर टू पोलर’ हा पर्याय आडव्या अंतराचे कोनात आणि उभ्या अंतराचे त्रिज्येत रूपांतर करतो. चित्राची संपूर्ण वरची कड आक्रसून केंद्रबिंदू बनते आणि खालची कड बाहेरचा परीघ बनते. डावी आणि उजवी कड एकमेकींना भेटतात, आणि ती भेट घड्याळातील बाराच्या काट्याच्या जागी होते. म्हणजेच आडव्या रेषेचे वर्तुळ होते आणि उभ्या रेषेचा केंद्रातून निघणारा किरण होतो.

उभी रेघ आडवी ताणल्यावर प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे एकच रंग असतो. त्यामुळे दोन्ही कडा जेथे भेटतात तेथे रंग जुळलेलेच असतात आणि सांधा दिसत नाही. वर्तुळाकार पट्ट्यासाठी आडव्या ओळीऐवजी उभी रेघच का घ्यायची, याचे कारण हे आहे.

आता मापे. चौरस फाइलची बाजू ४००० पिक्सेल असेल तर तीत मावणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या २००० पिक्सेल असते. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंतचे ४००० पिक्सेलचे अंतर २००० पिक्सेलच्या त्रिज्येत बसवले जाते, त्यामुळे प्रत्येक उंची निम्मी होते. वरच्या कडेपासून २००० ते ३००० पिक्सेल या भागात ठेवलेला पट्टा फिल्टरनंतर १००० ते १५०० पिक्सेल त्रिज्येचे कडे बनतो आणि त्याची जाडी ५०० पिक्सेल भरते. आपल्या पदराची उंची नेमकी ५०० आहे, म्हणून ताणताना पट्ट्याची उंची आधी दुप्पट, म्हणजे १००० करायची आणि वरची कड २००० वर आणायची. हा हिशेब न केल्यास पट्टा पदरापेक्षा निम्माच जाड निघतो. नंतर तो मोठा करून जुळवता येतो हे खरे, पण मग त्रिज्याही त्याबरोबर वाढते आणि वर्तुळ चित्राबाहेर जाऊ लागते.

ताणणे आणि वळवणे

४००० × ४००० पिक्सेलची, पारदर्शक पार्श्वभूमीची नवी फाइल उघडावी. रंगपद्धती आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आणि खोली, म्हणजे रंगछटांची सूक्ष्मता, ८ बिट ठेवावी. मूळ चित्र १६ बिटचे असेल आणि मेनूत फिल्टरचे नाव फिकट दिसत असेल तर कारण हेच असते. फाइल चौरस असणे आवश्यक आहे, कारण लांबट फाइलमध्ये वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ मिळते. कॉपी केलेली रेघ येथे पेस्ट केली की ती मधोमध, इतकी बारीक दिसते की काही आलेच नाही असे वाटावे.

कंट्रोल आणि टी दाबून ‘फ्री ट्रान्सफॉर्म’ सुरू करावे. फोटोशॉप सीसी २०१९ पासून चौकटीच्या बाजूची मूठ (छोटा चौकोन) ओढली की रुंदीबरोबर उंचीही प्रमाणात वाढते, म्हणून शिफ्ट दाबून धरूनच ओढावे. डावी मूठ डाव्या कडेच्या जरा बाहेर आणि उजवी मूठ उजव्या कडेच्या जरा बाहेर न्यावी. एका पिक्सेलला इतके ताणताना कडेचे रंग विरळ होऊन अर्धपारदर्शक होऊ शकतात, आणि फाइलच्या कडेवरच ती विरळ जागा राहिली तर वर्तुळात बाराच्या ठिकाणी फिकट चीर पडते. त्यानंतर पट्ट्याची वरची कड २००० वर आणि खालची कड ३००० वर आणावी. ‘व्ह्यू’ मेनूतून रूलर सुरू करून, त्यांची एकके पिक्सेल ठेवून, या दोन उंचींवर आधीच गाइड (मदतीच्या रेषा) टाकून घेतल्यास पट्टा सहज नेमका बसतो. बदल पक्का केल्यावर कंट्रोल आणि ए ने सर्व निवडून ‘इमेज’ मेनूतील ‘क्रॉप’ द्यावे, म्हणजे कडेबाहेर राहिलेला भाग नाहीसा होतो. पट्ट्याच्या खाली पारदर्शक जागा राहिली आहे याचीही खात्री करावी. पट्टा खालच्या कडेला टेकलेला असेल तर वर्तुळाबाहेरच्या चारही कोपऱ्यांत त्याच्या शेवटच्या रंगाचे फराटे उमटतात.

या सरळ पट्ट्याची एक प्रत करून ती लपवून ठेवावी. त्रिज्या बदलावीशी वाटली तर तीच उपयोगी पडते. मग निवड काढून दुसऱ्या प्रतीवर ‘फिल्टर’, ‘डिस्टॉर्ट’, ‘पोलर कोऑर्डिनेट्स’ या क्रमाने जाऊन ‘रेक्टँग्युलर टू पोलर’ निवडावे. पट्ट्याचे कडे तयार होते. वरचा थर आतल्या बाजूला आणि खालचा थर बाहेरच्या बाजूला गेलेला दिसेल. जरीच्या बारीक रेषांना पायऱ्या पडल्यासारख्या वाटल्या तर हीच कृती ८००० पिक्सेल बाजूच्या फाइलमध्ये, सर्व मापे दुप्पट करून करावी आणि तयार कडे ५० टक्क्यांवर आणावे, म्हणजे रेषा मऊ आणि स्वच्छ होतात.

केंद्राची जागा

कड्याचा लेयर मूळ चित्राच्या फाइलमध्ये ओढून आणावा, त्याला ‘कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट’ करावे, म्हणजे पुढे आकार बदलला तरी दर्जा घसरत नाही, आणि तो पार्श्वभूमीच्या वर पण वेगळ्या काढलेल्या नर्तकीच्या खाली ठेवावा.

रेघेत जो रंग वर होता तो आता कड्याच्या आत आहे. कड्याच्या सर्वांत खालच्या बिंदूजवळ, म्हणजे घड्याळातील सहाच्या जागी, आतली बाजू वर आणि बाहेरची बाजू खाली असते. तेथे थरांचा क्रम मूळ पदराशी तंतोतंत जुळतो आणि कड्याची दिशाही आडवी असते. म्हणून पदर आणि कडे यांची गाठ सहाच्या जागी घालावी. कड्याची मधली त्रिज्या १२५० आहे, त्यामुळे वर्तुळाचे केंद्र रेघेच्या बरोबर वर १२५० पिक्सेलवर, म्हणजे चित्राच्या वरच्या कडेपासून १६५० पिक्सेलवर यायला हवे. आपल्या चित्रात तेथे नर्तकीचा चेहरा येतो, आणि पदरातून निघालेला पट्टा उजवीकडून वर चढून, मस्तकामागून फिरून, देवाच्या मूर्तीमागील प्रभावळीसारखा चेहऱ्याभोवती उभा राहतो. पट्टा वर जाण्याऐवजी पायांभोवती खाली वळवायचा असेल तर गाठ बाराच्या जागी येते आणि तेथे थरांचा क्रम उलटा होतो. अशा वेळी फिल्टर लावण्यापूर्वीच सरळ पट्टा ‘फ्लिप व्हर्टिकल’ करून घ्यावा. तिरक्या पदराच्या बाबतीत केंद्र रेघेच्या थेट वर न ठेवता पदराच्या दिशेला काटकोनात तेवढ्याच अंतरावर ठेवावे. कडे सगळीकडे सारखेच असल्यामुळे ते फिरवण्याची गरज पडत नाही.

जागा बसली की नर्तकीच्या लेयर मास्कवर काळ्या रंगाने रेघेच्या उजवीकडचा पदर झाकावा, आणि पार्श्वभूमीच्या लेयरवरील तोच पदर ‘क्लोन स्टँप’ने किंवा ‘कंटेंट-अवेअर फिल’ने काढून टाकावा. हे काम पार्श्वभूमीच्या प्रतीवर करावे. आता पदर थेट पट्ट्यात शिरताना दिसेल. सांध्यावर एखाददुसऱ्या पिक्सेलचा फरक राहिला तर कडे किंचित लहानमोठे करून तो मिटतो. मास्कची कड येथे कठोर, उभी आणि सरळ ठेवायची की चारपाच पिक्सेल मऊ करायची, हा आवडीचा प्रश्न आहे. मला कठोर कड अधिक आवडते. छायाचित्र कोठे संपले आणि रेखाटन कोठे सुरू झाले हे त्या एका रेषेत स्पष्ट दिसते, आणि या परिणामाची गंमत त्या उघड बदलातच आहे.

सुरुवात आणि शेवट

संपूर्ण कडे तसेच ठेवले तर सुरुवात कोठे आणि शेवट कोठे हे कळत नाही आणि गती हरवते. कड्याला लेयर मास्क जोडून ‘ग्रेडियंट टूल’मधील ‘अँगल ग्रेडियंट’ घ्यावा, काळा आणि पांढरा रंग निवडावा, वर्तुळाच्या केंद्रावर माउस दाबून सांध्यापर्यंत खाली ओढावा. मास्क सांध्यापाशी पूर्ण पांढरा सुरू होऊन वर्तुळाभोवती हळूहळू काळा होत जातो आणि पट्टा फिरत फिरत विरतो. तो उलट बाजूने विरत असेल तर ‘रिव्हर्स’वर खूण करून पुन्हा ओढावे. शेवट विरण्याऐवजी नर्तकीच्या पाठीमागे लपवला तरी चालतो; त्यासाठी पाठीच्या कडेपलीकडचा भाग मऊ ब्रशने झाकणे पुरेसे असते.

पट्टा काही ठिकाणी नर्तकीच्या समोरूनही गेला तर खोलीचा भास फार वाढतो. त्यासाठी कड्याच्या लेयरची प्रत नर्तकीच्या वर न्यावी, तिचा मास्क पूर्ण काळा करावा आणि जेथे पट्टा पुढून जायला हवा, उदाहरणार्थ उंचावलेल्या हाताच्या कोपरापाशी, तेवढाच भाग पांढऱ्या ब्रशने उघडा करावा. चेहऱ्यावरून पट्टा नेऊ नये.

सपाट रंगाचा पट्टा छायाचित्राच्या शेजारी कागद कापून चिकटवल्यासारखा दिसतो, कारण त्यावर प्रकाशच नसतो. नर्तकीवर उजेड कोणत्या बाजूने पडला आहे ते पाहावे. कड्याच्या वर ५० टक्के करड्या रंगाने भरलेला नवा लेयर ठेवून त्याला ‘ओव्हरले’ मोड द्यावा, ‘क्रिएट क्लिपिंग मास्क’ने तो कड्यापुरता मर्यादित करावा, आणि उजेडाच्या बाजूला ‘डॉज’ व विरुद्ध बाजूला ‘बर्न’ साधन अगदी कमी तीव्रतेने फिरवावे. नर्तकीच्या अंगामागे पट्टा जेथे शिरतो तेथे तिची सावली पट्ट्यावर पडायला हवी. त्यासाठी आणखी एक क्लिप केलेला लेयर ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये घेऊन, पंधरावीस टक्के अपारदर्शकतेच्या मोठ्या मऊ ब्रशने, पदरातील गडद हिरव्या रंगाने सावली रंगवावी. काळ्या रंगाची सावली कापडावर मळकट दिसते.

आधी आपण रेघेतील दाणा काढला होता. आता पट्टा इतका गुळगुळीत असतो की दाणेदार छायाचित्रात तो परका वाटतो. ‘अ‍ॅड नॉइज’ फिल्टरमध्ये ‘मोनोक्रोमॅटिक’वर खूण करून एक ते दोन टक्के दाणा कड्यावर घातला की दोन्ही पृष्ठभाग एकजीव होतात. हे शंभर टक्के मोठेपणावर पाहूनच ठरवावे.

किरणांचा प्रकार आणि गिंप

‘सिंगल रो मार्की टूल’ने आडवी ओळ घेऊन ती उभी ताणली तर उभ्या पट्ट्या मिळतात आणि त्याच फिल्टरने त्यांचे केंद्रातून फाकणारे किरण होतात. ढोलताशा पथकातील टोल मारणाऱ्या वादकामागे असे किरण शोभतात. येथे मात्र ओळीचा पहिला आणि शेवटचा रंग वेगळा असल्यामुळे बाराच्या जागी सांधा उघडा पडतो. ताणलेली ओळ निम्म्या रुंदीत बसवून उरलेल्या निम्म्यात तिचीच आरशातील प्रतिमा ठेवली की दोन्ही कडांचे रंग एक होतात आणि सांधा नाहीसा होतो.

गिंप हा मोफत प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना हाच परिणाम साधता येतो. तेथे एका पिक्सेलच्या रेघेसाठी आयताकृती निवड साधनात रुंदी एक पिक्सेल अशी निश्चित करावी लागते. रेघ ताणताना ‘स्केल’ साधनातील साखळीचे चिन्ह तोडावे, म्हणजे रुंदी आणि उंची वेगवेगळी बदलता येते. त्यानंतर ‘लेयर टू इमेज साइज’ ही आज्ञा विसरू नये, कारण गिंपमध्ये लेयरची कड कॅनव्हासपेक्षा लहान असू शकते आणि फिल्टर लेयरच्या कडेनुसार चालतो. ‘फिल्टर्स’मधील ‘डिस्टॉर्ट्स’मध्ये ‘पोलर कोऑर्डिनेट्स’ उघडून वर्तुळाची खोली १०० ठेवावी, आणि ‘टू पोलर’ व ‘मॅप फ्रॉम टॉप’ या दोन्हींवर खूण करावी. दुसरी खूण नसेल तर वरची कड बाहेर आणि खालची कड केंद्रात जाते आणि वर दिलेली सर्व मापे उलटतात.

जतन करताना

काम लेयरसह फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमध्ये ठेवावे. इंटरनेटसाठी प्रत काढताना रंग एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या प्रचलित रंगपद्धतीत रूपांतरित करावेत आणि जेपीईजीचा दर्जा उच्च ठेवावा. कमी दर्जाच्या जेपीईजीमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा जास्त दाबली जाते, त्यामुळे हिरव्या आणि लाल यांच्या सीमेवर सर्वांत आधी रंग पसरलेला दिसतो, आणि आपल्या पट्ट्यात ती सीमा वर्तुळभर आहे. छपाईसाठी सीएमवायके या शाईंच्या रंगपद्धतीत जाताना झळझळीत हिरवा आणि जरीचा सोनेरी हमखास मंदावतात. म्हणून ‘व्ह्यू’ मेनूतील ‘प्रूफ कलर्स’ सुरू करून आधीच पाहावे, आणि हिरवा फार उतरत असेल तर त्याची संपृक्तता वाढवत बसण्यापेक्षा शेजारचा लाल काठ व सावल्या थोड्या गडद कराव्यात. तुलनेने हिरवा पुन्हा उठून दिसतो.